मल्लवीर कै. खाशाबा जाधव

कृष्णा आणि कोयना या दोन नद्या जेथें समोरासमोर येऊन मिळतात, त्या कऱ्हाड शहराजवळ गोळेश्वर नांवाचें एक खेडें आहे. या खेड्यांत ता. १५ जानेवारी १९२६ रोजीं दादासाहेब जाधव नांवाच्या पहिलवान गृहस्थांच्या घरीं पांचवा मुलगा जन्मास आला. त्याचें नांव खाशाबा. पुढें सव्वीस वर्षांनीं याच मुलानें फिनलंड देशाच्या हेल्सिंकी नगरींत ऑलिंपिक सामन्यांतील कुस्तीचें कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताच्या हॉकी संघानें त्यापूर्वीं १९४८ सालीं लंडन येथें सुवर्णपदक जिंकलें होतें. परंतु एकट्या व्यक्तीनें स्वतःच्या बळावर मिळविलेलें स्वतंत्र भारताचें पहिलें ऑलिंपिक पदक तें हेंच.

हें पदक ज्या विद्येनें मिळालें ती विद्या कुस्तीची. हा शब्द ऐकतांच आमच्या वाचकांपैकीं कित्येक पालकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें आम्ही जाणून आहों. मधल्या सुटींत दोन मुलें एकमेकांच्या गळ्यांत हात घालून पटांगणांत लोळतात, सदऱ्याचीं बटणें तुटतात, कोपर सोलून निघतें आणि घरीं गेल्यावर बोलणीं खावीं लागतात. पापडीच्या तळ्याकाठीं काय किंवा वसईच्या किनाऱ्यावरील वाळूंत काय, हा प्रकार नित्याचाच आहे. मुलांच्या अंगांतील ही रग दडपून टाकावी, कीं तिला योग्य वळण लावावें, असा खरा प्रश्न आहे. खाशाबांचें चरित्र या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पाडतें. म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

दादासाहेब आपल्या भागांतले नांवाजलेले मल्ल होते. त्यांनीं खाशाबांना वयाच्या पांचव्या वर्षींच आखाड्याची ओळख करून दिली. घरांतच गुरु आणि दारांतच विद्या, असा योग क्वचित् जुळतो. आठ वर्षांचे असतांना खाशाबांनीं त्या भागांतील एका नामांकित मल्लास अवघ्या दोन मिनिटांत चीत केलें, अशी हकीकत सांगतात. पोहणें, धांवणें, कबड्डी इत्यादि खेळांतहि त्यांची गति चांगली होती. पुढें बाबूराव बलावडे व बेलापुरी गुरुजी यांचें मार्गदर्शन त्यांना लाभलें.

तालमींतील शिक्षण कसें असतें, हें आमच्या वाड्यांतून वाढणाऱ्या पुष्कळ मुलांना ठाऊक नसेल. तालमीच्या हौदांत चाळलेली लाल माती भरलेली असते. तींत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस असे पदार्थ मिसळून ती मऊ राखतात. कुस्तीपूर्वीं ती माती फावड्यानें खणून उकरावी लागते आणि हें काम म्हणजेच एक व्यायाम होऊन बसतो. नंतर जोर आणि बैठका, आणि त्यानंतर वस्तादांच्या नजरेखालीं जोडीदाराबरोबर लढत. ज्याच्याशीं लढावयाचें, त्याच्या अंगावर माती टाकून व हातांत हात देऊन सलामी झाल्याखेरीज कोणी कोणास धरीत नाहीं. घामानें निसरडें झालेलें अंग मातीमुळें पकडींत राहतें. वस्तादांचा शब्द म्हणजे आज्ञा. त्यांनीं थांब म्हटल्यावर, समोरचा गडी पडावयास आला असला तरी, हात सोडावाच लागतो. रग अंगांत असणें वेगळें आणि ती हुकमतींत असणें वेगळें, हा धडा येथें पहिल्याच दिवशीं मिळतो.

कुस्तीचे ढोबळ मानानें दोन भाग पडतात: एक उभ्यानें लढण्याचा व दुसरा जमिनीवर लढण्याचा. उभ्या कुस्तींत एकेरी पट, दुहेरी पट, धोबीपछाड, टांग, ढाक असे डाव चालतात. यांपैकीं ढाक हा खाशाबांचा हातखंडा डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान हाताच्या पकडींत जखडावयाची आणि त्याचा तोल गेला रे गेला कीं त्याला जमिनीवर फेकावयाचें, असें त्याचें स्वरूप आहे. गडी खालीं आला म्हणजे कुस्ती संपली, असें नवख्या प्रेक्षकास वाटतें. परंतु पुष्कळदां खरी कुस्ती तेथूनच सुरू होते. खालीं आलेला मल्ल छाती मातीकडे ठेवून, हातपाय आंवळून, पाठ लागूं न देण्याची शिकस्त करितो. वरचा मल्ल त्याच्या पाठीवर सवारी भरतो, घिस्सा लावतो, एखादा हात किंवा पाय अडकवून त्याला उताणें करूं पाहतो. दोन्ही खांदे जमिनीस टेकले कीं निकाल लागला. या ठिकाणीं केवळ दंडांतील बळ उपयोगी पडत नाहीं. आपला भार कोठें ठेवावा, समोरच्याचा आधार कोठला आणि तो केव्हां काढून घ्यावा, हें ज्याला कळलें, तो चणीनें लहान असूनहि मोठ्यास आवरूं शकतो. खाशाबा स्वतः चणीनें लहानच होते.

शालेय शिक्षणासाठीं खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत गेले. ते तेथें शिकत असतांनाच १९४२ सालचें चले जाव आंदोलन पेटलें. सातारा जिल्हा त्या चळवळीचें एक मोठें केंद्र होता. भूमिगत झालेल्या क्रांतिकारकांना आसरा देणें व त्यांचीं पत्रकें पोहोंचविणें, अशीं कामें या शाळकरी मुलानें केलीं. अंगांत बळ असलेल्या मुलानें तें बळ कोणासाठीं वेंचावें, याचा विचार त्यांनीं त्या वयांतच केला होता, असें यावरून दिसतें.

पुढें ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयांत दाखल झाले. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरीच. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०२ सालच्या युरोपच्या प्रवासांत रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिलें आणि पुढें कोल्हापुरास खासबागेचें विशाल मैदान बांधविलें. तें १९१२ सालीं पुरें झालें. अशा नगरींत खाशाबा आले खरे, पण त्यांची बारीक अंगकाठी पाहून महाविद्यालयाच्या वार्षिक सामन्यांत त्यांचें नांव घेण्यास खेळाच्या शिक्षकांनीं नकार दिला. खाशाबा रुसून बसले नाहींत किंवा कोणाशीं भांडलेहि नाहींत. ते सरळ प्राचार्यांकडे गेले व संधि मागून घेतली. ती मिळतांच त्यांनीं आपल्याहून धिप्पाड अशा गड्यांना एकामागून एक चीत केलें. हे प्राचार्य म्हणजे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर. या गुरुशिष्यांचें नातें पुढें किती उंचीस पोहोंचलें, तें आम्ही लवकरच सांगूं.

इ. स. १९४८ सालीं लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले. कोल्हापूरच्या महाराजांनीं खर्चाचा भार उचलल्यामुळें खाशाबांना तेथें जातां आलें. वय बावीस वर्षांचें. तेथें गेल्यावर त्यांच्यापुढें एक विलक्षण अडचण उभी राहिली. आजवर ते मातीवर लढले होते. येथें गादीवर लढावयाचें होतें. मातींत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीच्या कुस्तींत प्रतिस्पर्ध्याचा लंगोट किंवा जांघ्या धरतां येतो, गादीवर पोशाख धरण्यास मनाई. मातींत वेळेचें बंधन नसतें; दोघे तुल्यबळ ठरले तर पंच कुस्ती बरोबरींत सोडवितात. गादीवर मात्र ठराविक वेळ असतो, आणि तेवढ्यांत कोणी चीत झाला नाहीं तर कोण सरस लढला हें पंच ठरवितात. म्हणजे ज्या खेळांत आपण पारंगत, त्याच खेळाचे नियम एकाएकीं परके व्हावे, असा हा प्रसंग. अमेरिकेचे पूर्वींचे विजेते रीस गार्डनर यांनीं तेथें त्यांना शिकविलें. तेवढ्या थोड्या अवधींत जें शिकतां आलें, त्याच्या जोरावर खाशाबांनीं ऑस्ट्रेलिया व अमेरिका या देशांच्या मल्लांना हरविलें आणि ५२ किलो वजनाच्या गटांत सहावा क्रमांक मिळविला. गादीशीं ज्याची नुकतीच ओळख झाली, त्याला जगांत सहावें स्थान मिळावें, हें पाहून जाणते लोक चकित झाले.

सहाव्या क्रमांकावर समाधान मानणारा मनुष्य तेथेंच थांबला असता. खाशाबांनीं मात्र परत येऊन अभ्यासाची कास धरिली. त्यांनीं मातींतील आपली विद्या टाकून दिली नाहीं. तिला गादीच्या नियमांची जोड दिली. पुढील चार वर्षें त्यांची मेहनत अखंड चालली, आणि वजन वाढल्यामुळें आतां ते ५७ किलोच्या गटांत लढूं लागले. आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एका शाळेंतून दुसऱ्या शाळेंत गेल्यावर, एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत शिकूं लागल्यावर, पहिल्या परीक्षेंत मागें पडणें साहजिक आहे. पूर्वीं शिकलेलें तेथें वाया जात नसतें. तें नव्या नियमांत बसवून घ्यावें लागतें इतकेंच.

इ. स. १९५२ च्या हेल्सिंकी येथील सामन्यांसाठीं निवड होण्याची वेळ आली, तेव्हां चांचणीच्या कुस्तींत आपल्यावर अन्याय झाला असें खाशाबांना वाटलें. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हां कुस्ती लावण्यांत आली व ती खाशाबांनीं जिंकली. निवड झाली, पण प्रवासाचा खर्च कोठून आणावयाचा? सरकारकडून सुरुवातीस मदत मिळेना. खाशाबा व त्यांचे हितचिंतक गांवोगांव वर्गणीसाठीं हिंडले. कोणीं रुपया दिला, कोणीं आठ आणे. शेवटीं मुंबई राज्याच्या सरकारनें ४,००० रुपये दिले. तरीहि रक्कम पुरी होईना. तेव्हां प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणासाठीं घर गहाण टाकणारे आईबाप आमच्या वसईंतहि आढळतील. परंतु विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठीं घर गहाण टाकणारा प्राचार्य फार विरळा.

हेल्सिंकी येथें खाशाबांनीं कॅनडाचे आद्रियां पोलिकां, मेक्सिकोचे लिओनार्दो बासुर्तो आणि जर्मनीचे फर्डिनांड श्मिट्झ यांच्यावर विजय मिळविला. नंतर त्यांची गांठ जपानचे शोहाची इशिई यांच्याशीं पडली. ही कुस्ती सुमारें पंधरा मिनिटें चालली व थोडक्यांत खाशाबांच्या हातून निसटली. नियमाप्रमाणें दोन कुस्त्यांच्या मध्यें अर्धा तास विश्रांति मिळावयास हवी होती. परंतु लगेच सोव्हिएत रशियाचे रशीद मम्मदबेयोव यांच्याशीं लढण्यास त्यांना पाचारण करण्यांत आलें, आणि त्यांची बाजू मांडण्यास भारताचा एकहि अधिकारी त्या वेळीं जवळ नव्हता, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. थकलेल्या अंगानें ते गादीवर चढले आणि ती कुस्ती हरले. इशिई यांना सुवर्णपदक, मम्मदबेयोव यांना रौप्यपदक व खाशाबांना कांस्यपदक मिळालें. तो अर्धा तास मिळाला असता तर पदकाचा रंग बदलला असता काय, या प्रश्नाचा निकाल आतां कोणीच देऊं शकणार नाहीं. एवढें मात्र खरें, कीं ज्याच्या पाठीशीं कोणी बोलणारें नव्हतें, असा खेड्यांतला हा तरुण जगांतल्या पहिल्या तिघांत उभा राहिला.

ज्यांनीं खाशाबांना हरविलें, त्या इशिई यांची कथाहि बोधप्रद आहे. ते मूळचे जूडो खेळणारे. जूडो ही जपानची झोंबीची विद्या. जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं टोकियो येथें कोदोकान नांवाची संस्था काढून तिला शास्त्रीय रूप दिलें. तींतहि उभ्यानें फेकण्याचे डाव आहेत, तसेंच खालीं पाडून जखडून ठेवण्याचेहि आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान जेत्यांच्या अमलाखालीं गेला व तेथील शाळांतून जूडोस बंदी झाली. तेव्हां इशिई कुस्तीकडे वळले. अशा रीतीनें एक मल्ल मातींतून गादीवर आला आणि दुसरा जूडोंतून. दोघांनाहि नवे नियम शिकावे लागले, आणि दोघांनींहि जुन्या विद्येचें भांडवल वापरून ते शिकून घेतले.

खाशाबा परत आले तेव्हां कऱ्हाड स्टेशनावर लोकांचा समुद्र लोटला होता. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि एरव्हीं पाव तासांत संपणारा गोळेश्वरचा रस्ता सरावयास सात तास लागले, असें सांगतात. परंतु हारतुऱ्यांत रमून न जातां खाशाबांनीं पहिलें काम कोणतें केलें? त्यांनीं कोल्हापुरास कुस्त्यांचीं मैदानें भरविलीं, त्यांतून पैसा उभा केला आणि आपल्या प्राचार्यांचें गहाण पडलेलें घर सोडविलें. पदकापेक्षां या कृत्याचें मोल आम्हांस अधिक वाटतें.

इ. स. १९५५ सालीं खाशाबा मुंबई पोलिस दलांत उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. १९५६ सालच्या मेलबोर्न येथील ऑलिंपिकचें त्यांचें स्वप्न मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळें पुरें झालें नाहीं. पोलिसांत त्यांनीं २७ वर्षें सेवा केली, खेळांचे शिक्षक म्हणूनहि काम पाहिलें, आणि साहाय्यक पोलिस आयुक्त या हुद्यावरून ते निवृत्त झाले. पोलिसांच्या कामीं या विद्येचें महत्त्व मोठें आहे. दांडगाई करणाऱ्या मनुष्यास मारहाण न करितां, त्याचा हात धरून, त्याला खालीं घेऊन, जागच्या जागीं स्थिर ठेवणें हें मल्लास साधतें. ठोशानें समोरच्यास इजा होते; पकडीनें त्यास थोपवितां येतें. स्वसंरक्षणाची विद्या म्हणून कुस्तीची जी योग्यता आहे, ती या एका गोष्टींत आहे. स्वतः खालीं पडलों तरी गोंधळून न जातां श्वास सांभाळावा, मान जपावी, कुशीवर वळून उठावें, हें ज्याला सवयीनें येतें, तो संकटांत भीत नाहीं. आणि जो भीत नाहीं, त्याला उगाच हात उचलण्याची गरज पडत नाहीं.

उतारवयांत खाशाबांच्या वाट्यास उपेक्षाच अधिक आली. निवृत्तिवेतनासाठीं त्यांना खटपट करावी लागली. १९८२ सालीं दिल्ली येथें आशियाई सामने झाले, त्या वेळीं क्रीडाज्योत नेणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला. ता. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय ५८ वर्षांचें होतें. मान आला तो मृत्यूनंतर. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यांत आला. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलांतील कुस्तीच्या सभागृहास त्यांचें नांव मिळालें. महाराष्ट्र शासनानेंहि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविला.

त्यांच्या पराक्रमाची थोरवी पुढील वर्षांनीं अधिकच स्पष्ट केली. भारताला दुसरें वैयक्तिक पदक मिळावयास ४४ वर्षें लागलीं. तें १९९६ सालीं लिअँडर पेस यांनीं टेनिसमध्यें मिळविलें. कुस्तींतील दुसरें पदक तर ५६ वर्षांनीं, २००८ सालीं सुशील कुमार यांनीं आणिलें. पुढें २०१६ सालीं रिओ येथें साक्षी मलिक या तरुणीनें कुस्तींतच कांस्यपदक पटकाविलें. तेव्हां ही विद्या केवळ मुलग्यांची, हा समजहि आतां मागें पडला आहे. आमच्या विद्यार्थिनी व त्यांच्या माता यांनीं या गोष्टीचा अवश्य विचार करावा.

शेवटीं पालकांस आमची एवढीच विनंति, कीं मुलामुलींना ही विद्या शिकावीशी वाटली तर त्यांस अडवूं नये. मात्र जाणत्या गुरूच्या हाताखालीं शिकवावें. दगडगोट्यांच्या पटांगणांत, कोणी पाहणारें नसतांना, एकमेकांच्या माना आंवळणें ही कुस्ती नव्हे; त्यांत आयुष्यभराची इजा होण्याचा संभव असतो. मऊ माती किंवा चांगली गादी, सारख्या वजनाचा जोडीदार आणि थांब म्हटल्यावर थांबविणारा वस्ताद, या तीन गोष्टी असल्या म्हणजे भय उरत नाहीं. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आमचें सांगणें असें, कीं खाशाबांचे डाव तुम्हांपैकीं थोड्यांनाच साधतील. पण नकार मिळाल्यावर न चिडतां पुन्हां संधि मागणें, परक्या नियमांना न भितां ते शिकून घेणें आणि ज्यानें आपल्यासाठीं घर गहाण टाकिलें, त्याचें ऋण सर्वांच्या आधीं फेडणें, या तीन गोष्टी प्रत्येकास साधण्यासारख्या आहेत. त्या ज्याला साधल्या, त्याच्या गळ्यांत पदक असो वा नसो, गोळेश्वरच्या या मल्लाचा तो खरा शिष्य होय.